आडनाव आणि पत्ता : जपानमधले एक वर्ष

आमच्या महाविद्यालयात दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गातले कोणीतरी मला एक प्रश्न हमखास विचारते, "सर, तुम्ही जपानला होतात म्हणे. तिकडे जात नाही ना?" विचारणारा मुलगा बहुधा आपल्यापैकीच असतो. सेनगाव, औंढा, कळमनुरीकडच्या एखाद्या खेड्यातून एस.टी.ने आलेला, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेला. त्याच्या प्रश्नात माहितीची भूक कमी आणि आशा जास्त असते. पृथ्वीच्या पाठीवर कुठेतरी असा एक देश असावा, जिथे माणसाला त्याचा जन्म विचारला जात नाही, एवढेच त्याला माझ्या तोंडून ऐकायचे असते.

नोकरीच्या सुरुवातीची दोनतीन वर्षे मी "नाही" असे उत्तर देत होतो. ते उत्तर खोटे होते आणि ते खोटे आहे हे मला ठाऊक होते. त्या मुलाच्या डोळ्यांतली आशा मोडवत नव्हती, हे एक कारण. दुसरे कारण अधिक लाजिरवाणे आहे. ते पुढे येईल. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे मी उशिरा दिलेले उत्तर आहे.

१

माझा जन्म कयाधूच्या काठावरच्या एका खेड्यातला. आजोबा गावकीची मेलेली ढोरे ओढीत. धर्मांतरानंतर त्यांनी ते काम टाकले आणि त्यापायी गावाचा रोष सोसला. वडिलांची हयात दुसऱ्यांच्या शेतातली हळद खणण्यात आणि कढईवर शिजवण्यात गेली. मी शिष्यवृत्तीवर शिकत पुण्यापर्यंत पोचलो. इतिहासात एम.ए. करीत असताना रानडे इन्स्टिट्यूटमधल्या जपानी भाषेच्या वर्गात नाव घातले. नवी भाषा शिकताना सगळेच बोबडे असतात, तिथे माझ्या गावठी उच्चारांना कोणी हसत नाही, एवढाच त्यामागचा मोह होता. त्या भाषेच्या जोरावर २०१४ मध्ये एका वर्षासाठी ओसाका शहराजवळच्या एका विद्यापीठात विनिमय विद्यार्थी म्हणून माझी निवड झाली.

निघताना माय म्हणाली, "तिथं कोणी जात इचारीत नसंल, तर राहा बाबा तिथंच. आमची फिकीर नको करू." आपल्या एकुलत्या शिकलेल्या लेकराला परत येऊ नकोस असे सांगणाऱ्या आईच्या मनात काय असेल, ह्याचा विचार विमानात मला झोपू देईना.

पहिले तीन महिने मी एका धुंदीत होतो. जपानी घराच्या दारात 'गेनकान' नावाची सखल जागा असते. तिथे जोडे काढायचे आणि पायरी चढून आत जायचे. आत सपाता घालायच्या, चटईच्या खोलीत त्याही काढायच्या, शौचालयात तिथल्याच वेगळ्या सपाता घालायच्या. एका प्राध्यापकांनी मला घरी जेवायला बोलावले. निघताना पाहिले, तर माझे जोडे दाराकडे तोंड करून नीट मांडून ठेवलेले. प्राध्यापकांच्या वृद्ध मातोश्रींनी ते स्वतःच्या हाताने फिरवून ठेवले होते. पाहुण्याला जाताना वळावे लागू नये, अशी त्यांच्यात रीत आहे. त्यांना ती साधी गोष्ट होती. माझ्या आजोबांना गढीसमोरून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. मी ते जोडे पायात घातले आणि बराच वेळ नाडीच बांधत बसलो.

दुसरा प्रसंग पाण्याचा. विद्यार्थ्यांची सहल एका शिंतो देवळात गेली होती. देवळात शिरण्यापूर्वी दगडी कुंडावर हात धुवायचे असतात. लांब दांड्याची लाकडी पळी असते. उजव्या हाताने पाणी घेऊन डावा हात धुवायचा, मग डाव्याने उजवा, मग ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची आणि शेवटी पळी उभी धरून तिचाच दांडा उरलेल्या पाण्याने धुऊन पुढच्या माणसासाठी ठेवायची. मी बौद्ध, मला त्या देवाशी कर्तव्य नव्हते. पण ते कुंड सर्वांचे होते, पळी सर्वांची होती आणि वरून पाणी घालणारा कोणी नव्हता. माझी आजी विहिरीवर रिकामी घागर घेऊन, कोणी सवर्ण बाई दया करून पाणी ओतील म्हणून तास तास उभी राहिलेली होती. माझ्या पाठीमागे एक लहान मुलगी तिष्ठत होती. मी दांडा धुतला आणि पळी तिच्या हातात दिली. तिने ती घेतली. घडले एवढेच, पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे महाडचे चवदार तळे होते.

तिसरा प्रसंग न्हाणीचा. जपानात गल्लोगल्ली सार्वजनिक स्नानगृहे असत, आता ती कमी होत चालली आहेत. त्यांना 'सेंतो' म्हणतात. आधी लहान स्टुलावर बसून, अंग घासून स्वच्छ धुवायचे आणि मग गरम पाण्याच्या सामाईक हौदात उतरायचे. वीस-पंचवीस पुरुष एकाच पाण्यात. आमच्या गावात नदीच्या वरच्या अंगाला कोणी उतरायचे आणि खालच्या अंगाला कोणी, हे ठरलेले होते. त्या हौदाला वरचे अंग नव्हते आणि खालचे अंगही नव्हते.

चौथी गोष्ट शाळेतली. जपानी शाळांत जेवणानंतर किंवा शाळा सुटताना 'सोजी'ची वेळ असते. सोजी म्हणजे साफसफाई. मुले स्वतः वर्ग झाडतात, ओल्या फडक्याने फरशी पुसतात, पुष्कळ शाळांत संडासही धुतात. डॉक्टरचा मुलगा फडके पिळतो आणि दुकानदाराची मुलगी केर भरते. तासाच्या पाळ्या लागाव्यात तशा ह्या कामाच्या पाळ्या लागतात. आमच्या शाळेत झाडू कोणाच्या हातात दिला जाई, हे ह्या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे नावाची. तिथे आडनावाला 'सान' जोडून हाक मारतात. आमच्या नावामागे 'सान' लावताना कोणाच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती. माझे आडनाव त्यांच्या कानाला काहीच सांगत नव्हते. मी मायला फोनवर म्हणालो, "माय, इथं खरंच कोणी इचारीत नाही."

२

विचारणारे होते, पण ते जपानी नव्हते. वसतिगृहात भारतीय विद्यार्थी होते, त्यांत काही मराठी. सामाईक स्वयंपाकघरात त्यांची भांड्यांची फळी वेगळी होती. एका रविवारी पोहे खाताना त्यांच्यापैकी एकाने सहज विचारले, "हिंगोलीचे म्हणजे मूळ कुठले? आणि पाहुणे कुठले तुमचे?" मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न कळतो. सोयरेधायरे कोणत्या गावचे, ह्या वाटेने माणूस तीन पायऱ्यांत जातीपर्यंत पोचतो. माझे आडनाव गावावरून पडलेले, त्यातून काही उलगडत नव्हते, म्हणून हा दुसरा रस्ता.

मी एका दूरच्या तालुक्याचे नाव सांगितले आणि विषय बदलला. सहा हजार किलोमीटर दूर येऊन, चवदार तळ्याच्या आठवणीने गहिवरणारा मी, चार मराठी पोरांपुढे जात लपवून बसलो. मी वर म्हटलेले लाजिरवाणे कारण ते हेच. 'तिकडे जात नाही' हे उत्तर मी मुलांना देत होतो तेव्हा मी मनातल्या मनात त्या स्वयंपाकघराचे दार लावून घेत होतो.

त्याच महिन्यात आधुनिक जपानी इतिहासाच्या चर्चासत्रात वाचनाच्या यादीत एक कादंबरी आली. शिमाझाकी तोसोन ह्यांची १९०६ सालची 'हाकाइ'. नावाचा अर्थ मोडलेली आज्ञा. नायक सेगावा उशिमात्सु हा डोंगराळ भागातला एक तरुण शाळामास्तर. तो एका बहिष्कृत जमातीत जन्मलेला आहे. बापाने त्याला बजावले आहे की काहीही झाले तरी, कोणालाही, आपला जन्म सांगू नकोस. मुलगा शिकतो, मास्तर होतो, आज्ञा पाळतो आणि पाळता पाळता आतून कुजत जातो. अखेर वर्गातल्या मुलांपुढे तो आपला जन्म उघड करतो आणि इतके दिवस लपवल्याबद्दल त्यांची क्षमा मागतो. मग तो देश सोडून अमेरिकेतल्या टेक्ससला जायला निघतो.

मी ते पुस्तक एका रात्रीत संपवले. पुस्तक जपानचे होते, माणूस आमच्या वाड्यातला होता. जात नसलेल्या देशात ही कादंबरी लिहिली कशी गेली? तिथून माझ्या त्या वर्षाचा दुसरा भाग सुरू झाला.

३

ज्यांना आज 'बुराकू'चे लोक म्हणतात, त्यांचा इतिहास थोडक्यात असा. 'बुराकू' ह्या शब्दाचा अर्थ केवळ वस्ती, वाडा असा आहे. तोकुगावा राजवटीत, म्हणजे सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, समाजाची उतरंड कायद्याने पक्की केलेली होती. तिच्याही बाहेर दोन मुख्य गट होते. एकाला 'एता' म्हणत, म्हणजे विटाळाने भरलेले, आणि दुसऱ्याला 'हिनिन', म्हणजे माणूस नसलेले. दोन्ही शब्द आज शिवीसारखे मानले जातात, इथे केवळ इतिहास म्हणून लिहीत आहे. एतांकडे मेलेल्या जनावरांची विल्हेवाट, चामडे कमावणे, तुरुंगावरची व वधस्थळावरची कामे होती. मृत्यू आणि रक्त ह्यांच्या स्पर्शाने 'केगारे' म्हणजे विटाळ होतो, ही शिंतो धर्मातली जुनी कल्पना आणि प्राणिहत्येचा बौद्ध निषेध, ह्या दोहोंची त्यात सांगड होती. त्यांची वस्ती वेगळी, लग्ने आपसांत, पोशाखावर निर्बंध. मी हे वाचत होतो आणि आजोबा समोर बसून सांगत आहेत असे वाटत होते.

१८७१ मध्ये मेइजी सरकारने फर्मान काढून ही नावे आणि हा दर्जा रद्द केला. कागदावर सर्व समान झाले. पण ह्या मुक्तीच्या सोबत काय आले आणि काय आले नाही, ते पाहिले पाहिजे. चामड्याच्या धंद्यावरचा त्यांचा परंपरागत हक्क गेला, जमीन मिळाली नाही, भरपाई मिळाली नाही आणि कर मात्र लागू झाले. सामुराईंचे तनखे बंद केले तेव्हा सरकारने त्यांना रोखे दिले. मुक्त झालेल्यांना घोषणेखेरीज काही दिले नाही. आणि १८७३ मध्ये मिमासाका भागात शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा त्या जमावाने बुराकूंच्या वस्त्या जाळल्या, माणसे मारली. सरकारविरुद्धच्या त्यांच्या रागात, हे लोक आता आपल्या बरोबरीचे झाले, हाही राग होता. नामांतराच्या ठरावानंतर १९७८ मध्ये मराठवाड्यात आपली घरे का जळली, ह्याचे उत्तर शोधणाऱ्याने हे प्रकरण अवश्य अभ्यासावे.

आता माझ्या 'सान'कडे येतो. जपानात सर्वसामान्य जनतेला आडनाव घेणे सक्तीचे झाले ते १८७५ मध्ये. त्यापूर्वी बहुसंख्य शेतकऱ्यांना अधिकृत आडनावच नव्हते. त्यामुळे तिथले आडनाव आपल्यासारखे जात सांगत नाही. चेहरा, रंग, भाषा, आडनाव, कशावरूनही बुराकूचा माणूस ओळखता येत नाही. मग भेदभाव चालतो कसा? तो पत्त्यावरून चालतो. आपल्याकडे आडनाव बोलते, तिकडे पत्ता बोलतो. १८७२ मध्ये देशभर कुटुंबनोंदणीची दप्तरे तयार झाली. त्यांत काही ठिकाणी ह्या लोकांच्या नावापुढे 'नवे सामान्यजन' अशी ओळख नोंदवली गेली. समानतेच्या फर्मानानंतर वर्षभरात समानांमध्ये 'नवे' कोण, हे दप्तरात आले. ही दप्तरे लोकांना पाहायला बंद झाली १९६८ मध्ये. तोपर्यंत लग्न जुळवणारे आणि नोकरी देणारे ती उघडून पाहू शकत होते. दप्तर बंद झाल्यावर दुसरी वाट निघाली. १९७५ मध्ये असे उघडकीस आले की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या गुप्तपणे छापून विकल्या जात होत्या आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्या विकत घेतल्या होत्या. अर्जदाराचे मूळ गाव यादीत सापडले की अर्ज बाजूला.

सरकारी पाहणीनुसार १९९३ मध्ये अशा सुमारे ४,४०० वस्त्या आणि त्यांत जवळपास नऊ लाख बुराकू लोक होते. चळवळीचा अंदाज ह्याच्या तिपटीचा आहे, कारण वस्ती सोडून गेलेले आणि जन्म लपवून राहणारे पाहणीत येत नाहीत. उशिमात्सुची शिरगणती कोण करणार?

ह्यानंतर मला माझ्या पहिल्या तीन महिन्यांच्या धुंदीचा अर्थ कळला. मला कोणी जात विचारली नाही, कारण मी परका होतो, त्यांच्या यादीबाहेरचा होतो. पाहुण्याचे जोडे फिरवून ठेवणाऱ्या त्याच घरात मुलीच्या लग्नाच्या वेळी मुलाचा मूळ पत्ता तपासला गेला असता का, हे मला माहीत नाही. त्या आजींबद्दल माझ्या मनात आजही आदरच आहे. पण एखाद्या समाजाचे पाहुण्याशी असलेले वर्तन हा त्या समाजाच्या न्यायाचा पुरावा होत नाही. आपल्याकडे येणारा परदेशी माणूस 'अतिथी देवो भव' ऐकून गावाची स्तुती करीत जातो आणि गावाच्या खालच्या अंगाला काय आहे ते पाहत नाही. मीही जपानात तसाच परदेशी होतो.

४

ओसाका शहराच्या नानिवा भागात पूर्वी वातानाबे नावाचे गाव होते. चामड्याच्या धंद्याचे ते देशातले मोठे केंद्र. तिथे १९८५ मध्ये मानवी हक्कांचे संग्रहालय उघडले गेले. पुढे महानगरपालिकेने अनुदान थांबवले आणि २०२० मध्ये ते बंद झाले. मी गेलो तेव्हा ते चालू होते. बुराकू, कोरियन, ऐनू, ओकिनावाचे लोक, कुष्ठरोगी, अपंग ह्या साऱ्यांच्या लढ्यांची कागदपत्रे तिथे एका छपराखाली होती.

रस्त्यावर ढोलांच्या आकाराचे बाक आणि ढोल वाजवणाऱ्यांचे पुतळे आहेत. जपानी देवळांत, उत्सवांत, नाटकांत जो 'ताइको' नावाचा प्रचंड ढोल वाजतो, तो ह्या वस्तीतले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बनवत आले. ढोल देवळात जाई, ढोल करणारा विटाळाचा. कातडे पवित्र, ते कमावणारा हात अपवित्र. हलगीच्या आवाजावर गावच्या देवाची पालखी निघते आणि हलगीवाला मात्र पायरीखाली उभा असतो, हे पाहिलेल्या माणसाला ह्यापेक्षा अधिक सांगावे लागत नाही. १९८७ मध्ये इथल्या तरुणांनी स्वतःचे ढोलपथक काढले. आपण बनवायचे आणि इतरांनी वाजवायचे, हे त्यांनी मोडले. पथकाचे नाव 'इकारी', म्हणजे संताप.

संग्रहालयात माहिती सांगणाऱ्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या. मोडक्या जपानीत मी प्रश्न विचारीत होतो. त्यांनी विचारले, "तुम्हाला ह्या विषयात एवढा रस कसा?" मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "इतिहासाचा विद्यार्थी आहे." त्या म्हणाल्या, "मी ह्याच वस्तीतली आहे." एवढे बोलून त्या थांबल्या. समोरच्या माणसाचा चेहरा हे वाक्य ऐकून कसा होतो, हे पाहण्याची त्यांना सवय असावी. तेव्हा मी त्यांना सांगितले. आजोबांचे काम, आजीची घागर, वाडा, धर्मांतर, सगळे. भारताबाहेर मी माझी जात पहिल्यांदा उच्चारली ती एका परक्या भाषेत, शब्द चुकत चुकत. त्यांनी मला खाली बसवून चहा दिला आणि विचारले, "घरी, तुमच्या देशात, तुम्ही हे असे सांगता का?" मी उत्तर दिले नाही. त्यांनीही पुन्हा विचारले नाही.

५

त्यांच्याकडूनच मला जी माहिती मिळाली ती बौद्ध वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. जपानात माणूस मेल्यावर बौद्ध मंदिराकडून त्याला एक मरणोत्तर नाव मिळते, ते थडग्यावर कोरतात. अनेक बौद्ध मंदिरांनी बुराकूंच्या मृतांना जी नावे दिली त्यांत पशू, चामडे अशा अर्थांची अक्षरे घातलेली होती. माणूस मेला, तरी दगडावर त्याची जात उरली. बुद्धाचे नाव घेणाऱ्या भिक्षूंनी हे केले. १९७९ मध्ये अमेरिकेत भरलेल्या जागतिक धर्म आणि शांतता परिषदेत सोतो पंथाचे प्रमुख प्रतिनिधी माचिदा मुनेओ ह्यांनी जपानात असा भेदभाव नाहीच, असे सांगितले. चळवळीने जाब विचारला. काही वर्षांनी त्यांनी चूक जाहीरपणे मान्य केली, पंथाने आपल्या मंदिरांतली थडगी आणि नोंदवह्या तपासायला घेतल्या.

मला ह्या माहितीने काही दिवस फार अस्वस्थ केले. आपण ज्या धम्माकडे मुक्तीचा मार्ग म्हणून पाहतो, तोच धम्म तिथे चारशे वर्षे उतरंडीचा कारकून झाला होता. मग लक्षात आले की बाबासाहेबांनी १९५६ मध्ये तयार बौद्ध धर्म जसाच्या तसा उचलून आपल्या हाती दिला नाही. बावीस प्रतिज्ञा घातल्या. समतेची प्रतिज्ञा त्यांत स्पष्ट शब्दांत घातली. धर्माचे नाव बदलल्याने विटाळ आपोआप जात नाही, हे त्यांनी आधीच ओळखले होते. आपल्यातही आज पोटजाती पाहून सोयरीक होते. जपानी मंदिरांकडे बोट दाखवताना उरलेली बोटे कोणाकडे आहेत तेही पाहावे.

६

आता त्या लढ्याविषयी. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात बुराकू लोकांनी 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन केली. नावाचा अर्थ समतल करणाऱ्यांची सभा, म्हणजे पाण्याच्या पातळीसारखी समता आणणारे. त्यांचे निशाण काळे, त्यावर लाल काट्यांचा मुकुट. जाहीरनामा साइको मानकिची ह्यांनी लिहिला. त्याचा आशय असा की, इतरांनी कीव करून चालवलेल्या सुधारणांनी आमचे भले झाले नाही, उलट आमच्यातली माणसे बिघडली. आम्ही स्वतःच स्वतःला मुक्त करू. ज्या नावाने हिणवले त्या नावाचा अभिमान धरण्याची वेळ आली आहे. पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले. दोन देशांतल्या दोन बहिष्कृत समाजांनी एकाच दशकात दयेला नकार दिला.

सुइहेइशाचे हत्यार होते 'क्युदान', म्हणजे जाब विचारणे. अपमान करणाऱ्या माणसाला, शाळेला, कचेरीला समोर बसवून, जाहीरपणे, तू असे का बोललास, हे विचारायचे. त्याचा अतिरेक झाल्याची टीकाही झाली. परंतु त्याआधी अपमान झालेला माणूस मान खाली घालून घरी जात होता, तो ह्यामुळे प्रश्न विचारू लागला. १९४७ मध्ये त्यांचे नेते मात्सुमोतो जिइचिरो संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष झाले. त्याच वर्षी बाबासाहेब आपले कायदेमंत्री झाले. सम्राटासमोरून खेकड्यासारखे आडवे सरकत जाण्याची दरबारी रीत मात्सुमोतोंनी १९४८ मध्ये नाकारली.

१९६९ च्या विशेष कायद्याने वस्त्यांत घरे, रस्ते, शाळा झाल्या. तो कार्यक्रम २००२ मध्ये संपला. वस्तीचे रूप पालटले, लोकांच्या मनातला पत्ता पालटला नाही. १९३६ च्या एका जुन्या पाहणीतली वस्त्यांची यादी पुन्हा छापण्याचा आणि संगणकाच्या जाळ्यावर टाकण्याचा प्रयत्न २०१६ मध्ये झाला. त्याच वर्षी डिसेंबरात बुराकू भेदभाव निर्मूलनाचा कायदा आला. यादीविरुद्धच्या खटल्यात तोक्योच्या न्यायालयांनी २०२१ आणि २०२३ मध्ये प्रकाशकाविरुद्ध निकाल दिले. पण जाळ्यावर एकदा पसरलेली यादी पुरती गोळा करता येत नाही.

७

मी परत आलो. माय म्हणाली, "कामून आलास?" मी म्हणालो, "तिथंही आपली माणसं हायेत, माय." तिला वाटले मी हिंगोलीच्या कोणाबद्दल बोलतो आहे.

इथे महाविद्यालयात लागल्यावर मी उत्साहाने 'सोजी' सुरू केली. आठवड्यातून दोनदा, शेवटच्या तासानंतर, सगळ्यांनी मिळून वर्ग साफ करायचा. पहिल्या आठवड्यात गंमत म्हणून सर्वांनी झाडू घेतला. दुसऱ्या आठवड्यात मला बैठकीमुळे उशीर झाला. येऊन पाहतो तर झाडू तीन मुलांच्या हातात होते. दोघे आपल्या वस्तीतले, एक मातंग समाजातला. एक मुलगी वहीत कोणी काय केले त्याची नोंद घेत होती, दोघे तिघे बाकावर बसून 'तिकडचा केर राहिला' म्हणून सांगत होते. कोणी कोणाला हुकूम केला नव्हता. कोणी शिवी दिली नव्हती. झाडू आपोआप आपल्या जुन्या पत्त्यावर पोचला होता.

जपानहून मी रीत आणली होती, पण रीत ज्या जमिनीवर उभी राहते ती जमीन काही आणता येत नाही. त्या दिवशी मी तिथेच वर्गाला बसवले आणि विचारले, झाडू ह्या तिघांकडेच कसा आला? वर्ग गप्प. ते तिघेही गप्प, सर्वांत जास्त तेच अवघडलेले. तेव्हा मी ह्या वर्गापुढे पहिल्यांदा सांगितले की माझे आजोबा मेलेली ढोरे ओढीत. ओसाकातल्या त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला इतकी वर्षे लागली. उशिमात्सुने वर्गाची क्षमा मागितली होती. बुराकू चळवळीतल्या लोकांनी त्या क्षमायाचनेवर पुढे टीका केली, आणि ती रास्त आहे. मी क्षमा मागितली नाही.

आता आमच्याकडे चिठ्ठ्या टाकून पाळ्या लागतात. झाडू, फडके, केराची बादली आणि नोंदवही, प्रत्येकाला चारही कामे फिरून येतात. माझे नावही चिठ्ठीत असते. दोन पालक तक्रार घेऊन आले होते, मुलीला झाडायला पाठवले नाही म्हणून. त्यांच्याशी वाद झाला, पाळ्या चालू राहिल्या. उद्या मी रजेवर गेलो तर त्या चालू राहतील का, ह्याची खात्री देता येत नाही. म्हणून दर महिन्याला नोंदवही तपासतो आणि कोणाची कोणती पाळी चुकली ते वर्गात मोठ्याने वाचतो.

यंदाही जूनमध्ये एका मुलाने विचारले, "सर, तिकडे जात नाही ना?" मी त्याला म्हणालो, "आहे. तिचे नाव वेगळे आहे, ती आडनावात नसते, पत्त्यात असते. आणि तिच्याशी लढणारी आपल्यासारखी माणसेही आहेत, आपल्या आधीपासून." तो जरा हिरमुसला. मग विचारले, "मग सर, त्यांनी काय केलं?" हा प्रश्न मला अधिक आवडला. मी त्याला 'हाकाइ'ची गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी पाळी माझी होती, म्हणून बोलता बोलता आम्ही दोघांनी वर्ग झाडून काढला.